दारू सोडलेल्या माणसाने जावे कुठे?

दिवाळी अंक हा घरातल्या सर्वांनी मिळून वाचायचा असतो. आजीने चष्मा पुसून, मुलांनी एकमेकांच्या हातातून ओढून आणि सुनेने चकल्यांचा घाणा उतरता उतरता. अशा अंकात दारूचा विषय काढणाऱ्या लेखकाला संपादकांनी दारातूनच परत पाठवले असते तरी मी तक्रार केली नसती. परंतु आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आणि दारू यांची फारकत मला करता येत नाही, कारण ती आमच्या गावांनीच केलेली नाही. बलिप्रतिपदेला गायगोधन होते आणि मग गावोगाव मंडया भरू लागतात. दिवसा दंडार, रात्री नाटक, लेकी माहेरी आलेल्या, पाहुण्यांनी ओसऱ्या भरलेल्या. या आनंदाच्या कडेकडेने दारूही हिंडत असते, आणि ती काही चोरपावलांनी हिंडत नाही. ज्या घरात पिणारा आहे त्या घरातली बाई मंडईचा दिवस कळला की नाटक कोणते हे विचारीत नाही. धानाचे आलेले पैसे कुठे लपवावेत याचा विचार करते. तेव्हा सणाच्या दिवशी अभद्र बोललो असे कोणी म्हणू नये. अभद्र आहे ते आधीच घरात येऊन बसले आहे.

मी सडक अर्जुनीचा राहणारा. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, आणि गावाच्या नावातच सडक आहे. एका अंगाला नवेगावबांधचे, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल आणि मध्ये धानाच्या बांध्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची, मग तेंदूपत्ता तोडायचा, मग पावसाची वाट पाहून रोवणी करायची. मोहाचे झाड आमच्याकडे घरच्या माणसासारखे. गोंड बांधव आपल्या पूजेत त्याच्या दारूचे चार थेंब देवांना आणि पूर्वजांना वाहतात. त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. देवाला चार थेंब वाहणारा माणूस आणि उजाडण्यापूर्वी हात थरथरतात म्हणून प्याला शोधणारा माणूस, ही दोन माणसे निराळी. माझा विषय हा दुसरा माणूस आहे. तो गोंडांतच असतो असे नव्हे. तो कुणब्यांत आहे, कोहळ्यांत आहे, पोवारांत आहे, बौद्धांत आहे, ब्राह्मणांत आहे, आणि मी ज्या धंद्यात पस्तीस वर्षे काढली त्या मास्तरांच्या धंद्यात तर आहेच आहे.

या माणसाविषयी आमच्याकडे प्रत्येकाजवळ एक मत तयार असते. दुकान बंद करा, असे एक म्हणतो. भट्टी फोडा, असे दुसरा. देवाची शपथ घाला, गळ्यात माळ घाला, चार फटके द्या, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल! (या शेवटच्या औषधाने किती मुलींची आयुष्ये नासली याची मोजदाद कोणी केलेली नाही.) ही सारी मते एका ठिकाणी येऊन थांबतात: त्याने दारू सोडावी. बरे, सोडली. समजा, आज सोमवारी त्याने खरोखरच सोडली. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता त्याने कुठे जावे? या प्रश्नाचे उत्तर मात्र मी गावात कोणालाही विचारले तरी मला मिळत नाही, आणि माझे सगळे भांडण या एका न मिळणाऱ्या उत्तराशी आहे.

दारूबंदीच्या चळवळीवर टीका करण्यासाठी मी लेखणी उचलली आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी सहा वर्षे चळवळ करून १९९३ साली दारूबंदी मिळवली, ती बायकांच्या बळावर. गावातल्या बायका एकत्र येऊन मतदान घेतात, अर्ध्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीपुढे शिक्का मारला की दुकान बंद होते. त्या रांगेत उन्हात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे माझी मान लवते. पण कायदा एक दिवस येतो आणि एक दिवस जातो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने महामार्गालगतची दुकाने १ एप्रिल २०१७ पासून दूर हटवायची ठरली, तेव्हा आमच्याकडे पुष्कळांना वाटले की आता सडकेवरची दारू गेली. दारू कुठली जाते? पिणाऱ्याला थोडे जास्त चालावे लागले इतकेच, आणि पुढे त्या निकालातही सवलती निघाल्या. १९४९ च्या ज्या कायद्याने दारूबंदी आणली त्याच कायद्याखाली आपल्या राज्यात आज दारूचे परवाने दिले जातात, हा विनोद तर कोणा नाटककारालाही सुचला नसता.

दुकान बंद झाल्याने नवा पोरगा पिण्यास लागण्याचे काही अंशी टळते, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या रक्तात दारू मुरली आहे त्याला बंद दुकान म्हणजे केवळ एक गैरसोय. तो हातभट्टी शोधतो, जिल्ह्याची सीमा ओलांडतो, दुप्पट पैसे मोजतो. त्याचे पिणे हा आता चैनीचा भाग उरलेला नसतो. हा आजार आहे, असे वैद्यक सांगते; जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याची नोंद आहे. आणि आजाऱ्याला आपण काय देतो? व्याख्यान.

व्याख्यानाहून वाईट एक गोष्ट आमच्या सडकेवर भिंतीभिंतीवर रंगवलेली असते: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत! खाली मोबाइलचा आकडा. बिचाऱ्या बायका ती पूड विकत घेतात आणि भाजीत कालवतात. या पुड्यांत काय असते ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पण दारूची घृणा बसवणारे म्हणून जे खरे औषध डॉक्टर देतात, ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर त्याचा रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, क्वचित प्राणावरही बेतते. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. नकळत माणसाला विष घालता येते, बरे करता येत नाही. ज्याचे दुखणे त्यालाच न सांगता ते बरे करू म्हणणारा हा धंदा भर रस्त्यावर चालतो आणि आम्ही त्याला हरकत घेत नाही, कारण आम्हालाही मनातून हेच हवे असते, की त्याच्याशी एक शब्द न बोलता काम व्हावे.

एका तरुणाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. माझ्या हाताखालून गेलेला मुलगा. अक्षर मोत्यासारखे, गणितात पक्का. तिशीत त्याची दारू हाताबाहेर गेली. घरच्यांनी एक एकर विकून त्याला दूर शहरात एका ठिकाणी महिनाभर ठेवले. तो परत आला तेव्हा गालावर मांस आले होते. आईने ओवाळले. नऊ दिवस तो घरात बसला. ओट्यावर यावे तर जाणारा येणारा थांबून विचारी, "काय मग, सुटली का खरंच?" लग्नाला जावे तर यजमान डोळ्यांनी त्याचा हात पाहत. पारावर बसावे तर वडीलधारी मंडळी उपदेश सुरू करीत, आणि प्रत्येकाचा उपदेश तोच. साऱ्या गावात त्याला "ये, बस" असे साध्या आवाजात म्हणणारी जागा एकच उरली होती, ती म्हणजे त्याची जुनी बैठक, भट्टीच्या मागची. तिथे कोणी त्याची परीक्षा घेत नसे. दहाव्या दिवशी मंडई होती. तो प्यायला म्हणून गेला नाही. तो माणसांत बसावे म्हणून गेला. पुढच्या धानकापणीला तो नव्हता. त्याची बायको आता माझ्या शेजारच्या बांधीत मजुरीने कापणीला येते.

लोक म्हणाले, त्याच्यात निश्चयच नव्हता. मी म्हणतो, त्याच्यात निश्चय होता, एका माणसाच्या अंगात मावेल तेवढा होता. गावाजवळ मात्र त्याला बसायला द्यायला एक सतरंजी नव्हती.

आपल्या वाङ्मयात हे सत्य शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे, पण आपण ते वाचले नाही. राम गणेश गडकरी आमच्या विदर्भातल्या सावनेरला १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी त्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी सिंधूसाठी डोळे पुसले आणि तळीरामाच्या विनोदाला टाळ्या दिल्या. पण त्या नाटकातली एक साधी गोष्ट पाहा. तळीरामाच्या कंपूने आपले 'आर्य मदिरा मंडळ' काढले आहे. पिणाऱ्यांना मंडळ आहे! तिथे थट्टा आहे, आपुलकी आहे, नव्या माणसाचे स्वागत आहे. आणि सुधाकर जेव्हा दारू सोडण्याचा निर्धार करून जगात कामधंदा शोधायला बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या वाट्याला येतो तो प्रतिष्ठितांचा तिरस्कार. सोडणाऱ्याला मंडळ नाही. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो यात नवल काय? रामलालसारखा जिवाभावाचा मित्रही त्याला वाचवू शकत नाही, कारण रामलाल भला आहे, विद्वान आहे, पण काठावर उभा आहे. पाण्यात पडून पोहून निघालेला एकही माणूस त्या नाटकात सुधाकरच्या शेजारी येऊन बसत नाही. गडकऱ्यांनी शोकांतिका लिहिली. आम्ही तिला समाजाची रीत करून टाकली.

असा पोहून निघालेला माणूस शेजारी येऊन बसला तर काय होते, याची हकीकत दूरदेशची आहे, पण ऐकण्यासारखी आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या गावी न्यूयॉर्कहून बिल विल्सन नावाचा एक शेअरबाजारातला माणूस कामासाठी आला. पाच-सहा महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम फसले, खिसा रिकामा, परका मुलूख. हॉटेलाच्या दिवाणखान्यात एकटा उभा असता त्याला पलीकडच्या मद्यगृहातला हसण्याखिदळण्याचा आवाज ऐकू आला. त्या क्षणी त्याला उमगले की आपण वाचायचे असेल तर आपल्याला दुसरा दारुडा शोधला पाहिजे. उपदेशकाचा किंवा डॉक्टरचा तिथे उपयोग नव्हता. दारुडाच हवा होता. त्याने टेलिफोन फिरवून फिरवून चौकशी केली आणि एका बाईंच्या मध्यस्थीने त्याची गाठ गावातल्या डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली, जो स्वतः पिऊन पिऊन धुळीला मिळाला होता. डॉक्टर पंधरा मिनिटांपुरते म्हणून आले आणि काही तास बसले. का? तर आजवर त्यांना पुष्कळांनी दारूविषयी सांगितले होते, पण स्वतःच्या दारूविषयी सांगणारा हा पहिलाच भेटला. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तो दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या मंडळाचा जन्मदिवस मानतात. ज्याला संध्याकाळ काढणे कठीण झाले होते तो दुसऱ्याची संध्याकाळ काढून देण्यासाठी गेला, आणि दोघांच्याही संध्याकाळी निघाल्या. सारे शास्त्र इतकेच आहे. बाकीच्या बारा पायऱ्या त्यावर पुढे बांधल्या गेल्या.

हे मंडळ आपल्या देशात १९५७ साली आले. नागपूरला त्याच्या बैठका भरतात. आमच्याकडचा एक ट्रकचालक, ज्याला मी तो लहान होता तेव्हापासून ओळखतो, महिन्यातून एकदा बसने तीन तास बसून तिथे जातो. बाहेरच्यांनाही येता येते अशी एक बैठक असते. त्याने एकदा मला नेले. शाळेचा वर्ग, बाके, किटलीतला चहा. व्यासपीठ नाही, हार नाही, पाहुणे नाहीत. एकेक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगून बसतो. वीस वर्षे न प्यायलेला माणूसही "मद्यपी होतो" असे म्हणत नाही, "आहे" म्हणतो. व्याकरण शिकवण्यात जन्म गेलेल्या मला त्या एका काळाचा अर्थ समजायला जरा वेळ लागला. कोणी कोणाला सल्ला देत नाही. फी नाही, वही नाही, जात विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट. जन्मभर पिणार नाही अशी शपथ कोणी घेत नाही. आज पिणार नाही, एवढेच. उद्याचे उद्या. नव्या माणसाला एक जुना माणूस सोबती म्हणून मिळतो, आणि रात्री दोन वाजता घसा कोरडा पडला तर त्याला फोन करायची मुभा असते. बाहेरच्या कोणाकडून मंडळ पैसा घेत नाही. टोपली फिरते ती आपसात.

त्या दिवशी एक गृहस्थ उशिरा आले. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. सहा वर्षे त्यांनी थेंब घेतला नव्हता आणि गेल्या आठवड्यात घेतला. उभे राहून म्हणाले, "आज माझा तिसरा दिवस." मी मनात म्हटले, आता कोणीतरी बोलणार. कोणी बोलले नाही. शेजारच्याने सरकून जागा केली आणि चहाचा पेला पुढे केला, बस्स.

हेच मी आमच्या भल्या भल्या परंपरांत शोधले आणि मला ते पुरतेपणी सापडले नाही. वारकरी माळ घालतो आणि दारू सोडतो. हजारो घरे त्या माळेने वाचली आहेत. १९५६ साली नागपूरला दीक्षा देताना बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि आमच्या भागातल्या कितीतरी वस्त्या त्या प्रतिज्ञेने उजळल्या. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना तर विदर्भातल्या खेड्याखेड्यांत होते. मी या साऱ्यांचा ऋणी आहे. पण माळ तुटली, प्रतिज्ञा मोडली, तर? त्या रात्री तो माणूस भजनाला येतो का? विहारात पाय ठेवतो का? तो तोंड लपवतो. ज्या दिवशी त्याला माणसांची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी लाजेने त्याचा त्यांच्याकडे जायचा रस्ता बंद होतो. घसरलेल्या माणसासाठी जागा राखून ठेवणारी बैठक हवी, आणि ती घसरलेल्यांचीच असू शकते. जो कधी पडलाच नाही त्याच्या क्षमेतही उंची असते, आणि ती खालच्याला बोचते.

कोणी म्हणेल, ही भावनेची भाषा झाली, पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञही हेच म्हणत होते. वैद्यकातील पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात ठाम पुरावा नाही असेच म्हटले होते. पुढे अधिक काटेकोर अभ्यास झाले, आणि २०२० साली त्याच संस्थेने सत्तावीस अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसे, यांचा नवा आढावा काढला. रुग्णाला या बैठकांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार एका बाजूला, आणि मानसोपचाराच्या इतर मान्य पद्धती दुसऱ्या बाजूला. वर्षभराने पूर्ण कोरडी राहिलेली माणसे पहिल्या बाजूस शंभरात बेचाळीस, दुसऱ्या बाजूस पस्तीस. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, आणि शंभरातले अठ्ठावन्न वर्षभर कोरडे राहू शकले नाहीत हेही मी लपवीत नाही. सर्वांना लागू पडणारा उपाय या दुखण्यावर निघालेला नाही. पण फुकट, सतरंजीवर, तज्ज्ञांवाचून चालणारी गोष्ट तज्ज्ञांच्या बरोबरीने आणि काकणभर सरस उतरते, याला मी चमत्कार म्हणत नाही इतकेच.

एक इशारा मात्र इथेच देऊन ठेवतो, कारण दिवाळी अंक घरोघर जातो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. दोन-तीन दिवसांत फिट येतात, भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. तेव्हा आधी दवाखाना, मग बैठक. बैठक ही डॉक्टरची सवत नव्हे. पुण्याला १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण सुरू केले तेव्हा तिथे वैद्यकीय उपचाराला समूहाची जोड होती, आणि तिथूनच बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच नव्यांना सांभाळू लागले. त्यांच्या बायकांसाठीही तिथे निराळा गट झाला. अमेरिकेतही १९५१ साली बिल विल्सनच्या पत्नीने, लोइसने, मैत्रिणीसह घरच्यांची स्वतंत्र मंडळी बांधली. ते योग्यच होते. पिणाऱ्याच्या बायकोलाही वर्षानुवर्षे एक दुखणे जडलेले असते. दाराची कडी वाजली की तिच्या पोटात गोळा येतो, आणि नवऱ्याने दारू सोडल्यावरही तो गोळा पुष्कळ दिवस येतच राहतो. तिला "आता तुझे चांगले झाले" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. "माझ्याही पोटात येतो" म्हणणारी भेटली पाहिजे. आणि बायकाही पितात, त्यांचे तर कोणी नावच घेत नाही.

आता आक्षेप. पहिला: हे ख्रिस्ती लोकांचे, परक्यांचे. बारा पायऱ्यांत ईश्वराचे नाव आहे खरे, पण 'आम्हाला जसा कळला तसा' ही पुस्तीही तिथेच जोडलेली आहे. नागपूरच्या त्या वर्गात विठ्ठलाचे, बुद्धाचे आणि कशाचेच नसलेले असे सारेच बसले होते. ज्याला तेही नको त्याने पायऱ्या बाजूला ठेवून नुसते बसावे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: खेड्यात अनामिक कसे राहायचे? इथे शिंकले तरी पलीकडच्या आळीला कळते. अहो, तो पितो हे साऱ्या गावाला ठाऊकच आहे! नाव झाकण्याचा हेतू तो नव्हेच. त्या चार भिंतींत सांगितलेले बाहेर जाणार नाही, हा हेतू आहे. ते जमले नाही तर काहीच जमणार नाही, हे मी मान्य करतो. म्हणून बैठक सडक अर्जुनीला असावी आणि बाजाराच्या दिवशी असावी. सौंदड, कोहमारा आणि आतल्या खेड्यांतून माणसे त्या दिवशी येतातच, कोण पिशवी घेऊन कुठे वळला हे कोणी पाहत नाही. शिवाय बाजाराची संध्याकाळ हीच तर प्यायची संध्याकाळ.

मला खरे भय पिणाऱ्यांचे नाही, आम्हा प्रतिष्ठितांचे आहे. अशी बैठक सुरू झाली की पहिल्या महिन्यात आम्ही तिचे उद्घाटन करू. दुसऱ्या महिन्यात दारू सोडणाऱ्याला शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू, वर्तमानपत्रात छापू, आणि तो बिचारा पुन्हा घसरला की तोच फोटो त्याच्या मुलांना शाळेत दाखवला जाईल. तिसऱ्या महिन्यात निवडणूक येईल आणि बैठक कोणत्या पक्षाची हे ठरेल. हे नुसते माझे कुत्सित बोलणे नव्हे. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी सहा दारुड्यांनी मिळून अशीच एक मंडळी काढली होती, वॉशिंग्टनच्या नावाची. थोड्याच वर्षांत लाखो माणसे तीत आली. मग पुढारी आले, व्याख्याते आले, दारूबंदीचे राजकारण आले, आणि दहा वर्षांच्या आत ती मंडळी नाहीशी झाली. पुढच्यांनी त्यातून धडा घेतला: बाहेरच्या कोणत्याही वादावर मंडळाचे मत नाही, दारूबंदीवरसुद्धा नाही. दारूबंदीची लढाई लढणाऱ्या माझ्या भगिनींना हे रुचणार नाही, पण त्यांनी ही एक खोली आपल्या लढाईच्या बाहेर सोडावी. तिथे आडव्या बाटलीचाही प्रचार नको.

आणखी एक कडू गोष्ट. आमच्या गावांत सगळ्या जातींची माणसे एका पंक्तीला, एका भांड्यातले पिऊन, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेली मी कुठे पाहिली असतील तर ती भट्टीवर. देवळात नाही, लग्नात नाही. दारूने जे साधले ते शुद्धीवर साधता येत नसेल तर आम्ही कोणत्या तोंडाने त्या माणसाला परत बोलावतो?

लागते किती थोडे! आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी दोन तासांपुरती एक खोली. शाळेची, समाजमंदिराची, नाहीतर कोणाच्या धानाच्या कोठाराची. एक सतरंजी, एक दिवा, दाराला आतून कडी. पहिले काही महिने नागपूरहून दोन जुनी माणसे येऊन बसली पाहिजेत. ट्रकचालकाने विचारले आहे, ती तयार आहेत. किल्ली त्याच्याजवळ राहील. चहाचा खर्च ते आपसात करतील, झाडलोटही तेच करतील. सरपंचांनी, गुरुजींनी, महिला मंडळाच्या अध्यक्षांनी आणि मीसुद्धा त्या संध्याकाळी त्या आळीने जायचे नाही, आणि कोण कोण आले होते हे दुसऱ्या दिवशी विचारायचे नाही.